निचऱ्याचा अलिखित इतिहास : नीरा खोरे ते बीड जिल्हा

प्रस्तावना :

मराठवाड्यातील सिंचनविषयक लेखनात धरणाची उंची, कालव्याची लांबी आणि भिजलेले क्षेत्र यांचा तपशील नेमाने आढळतो. जमिनीत साचलेले जादा पाणी कसे काढले, याचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. बीडच्या बाबतीत हे स्वाभाविकही आहे. ज्या शहराचा अभिमान निजामशाही काळातील खजाना बावडी हा आहे, तेथे पाणी आणण्याचा इतिहास लिहिला जाईल. पाणी घालविण्याचा कोण लिहिणार? परंतु कालव्याखालील काळ्या जमिनींचा इतिहास निचऱ्यावाचून अपुरा राहतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी प्रथम 'निचरा' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक ठरते.

सेंद्रिय मृदा व काळी मृदा :

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना निचरा केलेल्या सेंद्रिय मृदांची देशवार आकडेवारी १९९० पासूनच्या वर्षांसाठी देते. या मृदा म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचे थर. चर खणून त्यांतील पाणी काढले की थरात हवा शिरते, सेंद्रिय द्रव्य जळाल्यासारखे संपते, कर्बवायू बाहेर पडतो आणि जमीन खचते. इंग्लंडमध्ये होम येथील दलदलीत १८५१ च्या सुमारास जमिनीच्या पातळीपर्यंत गाडलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे. इंडोनेशियाने १९९० च्या दशकात मध्य कालीमंतानमध्ये भातशेतीसाठी अशीच जमीन मोठ्या प्रमाणावर कोरडी केली. १९९७ च्या वणव्यांत ती धुमसत राहिली. भारतात या वर्गाच्या जवळ जाणारी मृदा केरळच्या कुट्टनाडमध्ये 'करी' या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्राच्या काळ्या मृदेचा काळा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असावी, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः तिच्यातील सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. ती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली, फुगणारी व भेगाळणारी चिकणमाती आहे. सेंद्रिय मृदेचा निचरा केला की ती नष्ट होऊ लागते. काळ्या मृदेचा निचरा झाला नाही तर ती निकामी होते. शब्द एक, परिणाम नेमके उलटे. त्यामुळे निचरा झालेल्या क्षेत्राची वाढ ही हानी समजावी की सुधारणा, याचे उत्तर केवळ आकड्यात मिळत नाही.

नीरा खोऱ्याचा अनुभव :

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर मुंबई इलाख्याने दख्खनमध्ये कालव्यांवर भर दिला. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या अवर्षणप्रवण भागाला त्याचे पाणी मिळाले. ऊस आला, पैसाही आला. परंतु उसाला दिलेले पाणी खाली मुरत राहिले, भूजलाची पातळी वर चढली आणि त्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आले. सखल भागातील चांगली शेते चिबड, चोपण व खारवट झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा जो अभ्यास केला, तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे कालवा सुरू झाल्यापासून अवघ्या २५ वर्षांत कृषी खात्याला या प्रश्नाची दखल घ्यावी लागली होती. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कालव्यांसाठी सुचविलेल्या 'ब्लॉक' पद्धतीचे स्मरण पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी केले जाते. एकाच ठिकाणी बारमाही पाणी साचू नये, हाही तिचा हेतू होता. तो सहसा सांगितला जात नाही.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाचा विशेष विभाग स्थापन केला. क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली या विभागाने दख्खनमधील पाणथळ जमिनींचे काम केले. नुसता उथळ चर चिकणमातीत उपयोगी पडत नाही. तिच्याखालील मुरमाच्या पाझरत्या थरापर्यंत तो पोहोचावा लागतो, हे या कामातून दिसून आले. पुढे याच विभागातून खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आकारास आले. जलविज्ञानाच्या या मोठ्या संस्थेचे मूळ शेतातील चिबडीत आहे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती.

बीड जिल्हा :

बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मुंबई इलाख्याचा हा अनुभव येथे प्रत्यक्ष आला नाही. येथील शेतकऱ्याची विद्या वेगळी होती : पावसाचे पाणी खोल काळ्या जमिनीत मुरवायचे आणि त्या ओलीवर रब्बी ज्वारी काढायची. जमिनीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती हे येथे भाग्य होते. कालवा येताच तोच गुण अडचणीचा ठरू शकतो.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. पैठणचा १३२ कि.मी. लांबीचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून येऊन सिंदफणेवरील माजलगाव जलाशयाला मिळतो. त्याच १९७६ साली महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम संमत झाला. निचऱ्याच्या कामांची तरतूद त्यात आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८० मध्ये जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे 'वाल्मी', स्थापन झाली. तेव्हा ज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही. अडचण चराच्या स्वरूपातच आहे. पाट प्रत्येकाला आपल्या बांधापर्यंत हवा असतो. चर मात्र दुसऱ्याच्या शेतातून न्यावा लागतो आणि नाल्यापर्यंत पोहोचला नाही तर व्यर्थ जातो. वरच्या शेतकऱ्याने उसाला सोडलेले पाणी खालच्याची जमीन बिघडविते, आणि चराची गरज व खर्च दोन्ही खालच्याच्याच वाट्याला येतात.

याचा शोध घ्यावयाचा तर प्रकल्प अहवालांपेक्षा तलाठ्याचे दप्तर अधिक उपयोगी पडेल. गाव नमुना १२ मध्ये लागवडीसाठी उपलब्ध नसलेल्या जमिनीचे स्वरूप व क्षेत्र यांचे रकाने असतात. मात्र तेथे नुसते 'पड' लिहिले असेल, तर ती जमीन अवर्षणाने पडली की चिबड झाल्याने, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात अशी प्रत्येक नोंद दुष्काळाच्याच खाती जमा होण्याचा धोका आहे. म्हणून या नोंदी कालव्याला पाणी आले त्या वर्षाच्या आधीच्या व नंतरच्या, अशा दोन्ही काळांच्या काढून, गावनकाशावरील नाल्यांशी गट क्रमांकानुसार ताडून पाहाव्या लागतील.