शपथ आणि रक्त

मेसिनाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या दोन तीरांवर दोन गुन्हेगारी संघटना वाढल्या: सिसिलीची ‘कोसा नोस्त्रा’ आणि कालाब्रियाची ‘न्द्रांगेता’. विसाव्या शतकात जगभर दबदबा झाला तो पहिलीचा. चित्रपटांनी तिला फसवे वलयही दिले. आज मात्र युरोपातील कोकेनच्या व्यापारावर अधिक पकड आहे ती दुसरीची. ही उलथापालथ कशी घडली?

सिसिलीची टोळी शपथेने बांधलेली, आणि शपथ मोडता येते. १९८४ साली तोम्माझो बुशेत्ता याने न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढे संघटनेची सारी रचना उघड केली. पालेर्मोच्या प्रचंड खटल्यात १९८७ च्या डिसेंबरात ३३८ आरोपी दोषी ठरले. सूड म्हणून १९९२ साली मे महिन्यात फाल्कोने व जुलैत त्यांचे सहकारी पाओलो बोर्सेलिनो यांना स्फोटाने ठार करण्यात आले. दोघेही पालेर्मोचेच सुपुत्र. माफिया म्हणजे सिसिलियन माणसाचा स्वभाव असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे. या हत्यांनंतर शासनाचा हात कठोर झाला. पुढल्याच जानेवारीत टोळीचा म्होरक्या रीना पकडला गेला.

कालाब्रियात टोळीचा गाभा म्हणजे कुटुंब. तेथे साक्ष द्यायची ती बापाविरुद्ध, सख्ख्या भावाविरुद्ध! माफीचे साक्षीदार दीर्घकाळ विरळाच मिळाले. २००७ साली जर्मनीतील डुइसबुर्ग येथे सहा जणांची हत्या झाली, तेव्हा सान लुका या डोंगरी गावातले घराण्यांचे वैर कोठवर पोचले आहे हे युरोपला कळले. २०२१ साली लामेझिया तेर्मे येथे सुरू झालेल्या खटल्यात २०२३ च्या नोव्हेंबरात दोनशेहून अधिक आरोपी दोषी ठरले. तेथे साक्षीला उभ्या राहिलेल्यांत मांकुसो या बलाढ्य घराण्यातीलच एक तरुण होता.