हरल्यावर दुप्पट

हरलेला जुगारी दुप्पट खेळतो, असं आपल्याकडे म्हणतात ते माणूस बुडायच्या मार्गाला लागलाय हे सांगायला. फ्रान्समध्ये नेमक्या याच वागण्याला पावणेतीनशे वर्षांपूर्वी कोशात जागा मिळाली, आणि तीही खेळण्याची एक पद्धत म्हणून. ‘मानों लेस्को’ लिहिणाऱ्या आबे प्रेव्होनं १७५० मध्ये कठीण शब्दांचा एक कोश काढला. त्यात मार्टिंगेल हा शब्द आहे, आणि अर्थ असा की जितकं हरलं तितकं सगळं पुढच्या डावावर लावायचं.

हा शब्द दक्षिण फ्रान्समधल्या मार्टिग या गावावरून आला असं मानलं जातं. भूमध्य समुद्र आणि बेर्रचं खारं सरोवर यांच्यामध्ये वसलेलं हे कोळ्यांचं गाव. जगापासून जरा बाजूला पडलेलं, म्हणून आसपासचे लोक मार्टिगकरांच्या भोळेपणावर गोष्टी रचायचे. प्रोव्हान्सच्या बोलीत ‘मार्टिगकरासारखं खेळणं’ म्हणजे काही समजउमज नसल्यासारखं खेळणं. घोड्याची मान खाली धरून ठेवणाऱ्या पट्ट्यालाही मार्टिंगेलच म्हणतात. शेजारच्या गावाची टवाळी करणाऱ्या त्या बोलीतून हा शब्द पॅरिसच्या दिवाणखान्यांत आणि तिथून व्हेनिसला कसा पोचला असेल, याचं मला फार कुतूहल आहे. व्हेनिसचाच साहसी फिरस्ता कासानोव्हा याच्या आठवणींत १७५४ च्या सुमाराचा तिथला कार्निव्हल आहे. सरकारी जुगारघर रिडोट्टो, फेरो नावाचा पत्त्यांचा खेळ, आणि प्रेयसीनं दिलेलं सोनं. तो मार्टिंगेलनं खेळतो, सुरुवातीला जिंकतो, पुढे सगळं घालवून बसतो.

अशा पद्धतींचा पुढे पूर आला तो बॅकरॅ या पत्त्यांच्या खेळात, पण तोवर बॅकरॅ नव्हता. पंधराव्या शतकात फाल्गुइएर नावाच्या कुणा इटालियनानं तो शोधला अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. तिला आधार नाही. लिखित पुरावा सापडतो तो एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सचा. त्याआधी युरोपात मकाव नावाचा एक खेळ होता. त्यातही नऊपर्यंत पोचायचं असे, आणि लंडनच्या वॉटियर्स क्लबात छानछोकीसाठी नावाजलेल्या बो ब्रमेलच्या मंडळींनी त्यावर घराणी बुडवली. बॅकरॅमध्ये चित्रांना आणि दश्शीला शून्य, एक्क्याला एक, बाकीच्यांना अंगावरच्या ठिपक्यांइतके गुण. बेरीज दोन आकडी झाली की दशक सोडून द्यायचं. सत्ती आणि अठ्ठी मिळून पंधरा झाले तर हातात पाच उरले. नवाच्या जो जवळ तो जिंकला.

या नियमांत बँकेविरुद्ध (बँक म्हणजे इतर सगळ्यांशी एकटा खेळणारा) पैसे लावणाऱ्याला ठरवण्यासारखं काय उरतं? जुन्या फ्रेंच खेळात एकच गोष्ट उरायची. पहिल्या दोन पत्त्यांत चार किंवा कमी आले तर तिसरा घ्यायचा, सहा-सात आले तर थांबायचं, हे ठरलेलं. पाच आले तरच मर्जी. एवढ्या मोठ्या खेळात स्वतःच्या डोक्यानं घ्यायचा निर्णय त्या पाचावर येऊन थांबतो. मग पैसे किती लावायचे हाच खरा निर्णय होतो, आणि माणूस आपली सगळी हुशारी तिथे ओततो. बॅकरॅच्या टेबलावर पद्धतींचा एवढा पूर आला तो यामुळे, असं माझं मत आहे. रमीत हात कसा लावायचा यात माणसाचा कस लागतो. इथे कस लावायला रकमेशिवाय दुसरी जागाच नाही.

याचा सर्वांत जवळून दिसणारा पुरावा इंग्लंडमधल्या एका घरातला आहे. सप्टेंबर १८९० मध्ये डॉंकास्टरच्या घोड्यांच्या शर्यतींसाठी आलेले प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, यॉर्कशरमधल्या ट्रॅनबी क्रॉफ्ट इथे उतरले होते. घर जहाजमालक आर्थर विल्सन यांचं. रात्री बॅकरॅ बसला. बँक स्वतः राजपुत्रांकडे, आणि चामड्याच्या चकत्याही त्यांच्याच. टेबल सोयीचं नव्हतं. लहान टेबलं जोडून वर रंगीत कापड घातलेलं, त्यावर चकत्या नीट दिसत नव्हत्या. स्कॉट्स गार्ड्स पलटणीतले लेफ्टनंट कर्नल सर विल्यम गॉर्डन-कमिंग यांनी समोर एक पांढरा कागद ठेवला आणि आपल्या चकत्या त्यावर ठेवायला लागले. त्यामुळे त्यांची रक्कम टेबलावर सगळ्यांत स्पष्ट दिसत होती.

शेजारी यजमानांचा तरुण मुलगा बसला होता. त्याला वाटलं, डाव जिंकल्याचं कळल्यावर हे गुपचूप चकत्या वाढवतात. दुसऱ्या रात्री वेगळं टेबल मांडलं, त्यावर खडूची रेघ ओढली, आणि घरच्यांनी नजर ठेवली. दोन रात्रींत गॉर्डन-कमिंग यांनी २२५ पाउंड जिंकले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून लिहून घेतलं की यापुढे आयुष्यात पत्त्याला हात लावणार नाही. बदल्यात सगळ्यांनी गप्प राहायचं होतं. बातमी फुटली, आणि त्यांनी लावलेला अब्रुनुकसानीचा दावा जून १८९१ मध्ये सुनावणीला आला.

कोर्टात त्यांनी जे सांगितलं ते एका पद्धतीचं वर्णन होतं. ती पद्धत म्हणजे ‘कू द त्रुआ’, तीनचा टप्पा. पाच पाउंड लावायचे. जिंकले की ते उचलायचे नाहीत. मूळचे पाच, जिंकलेले पाच आणि खिशातले आणखी पाच, असे पंधरा पुढच्या डावावर. ही मार्टिंगेलची उलटी बाजू, हरल्यावर न वाढवता जिंकल्यावर वाढवायची. आता शेजारी बसलेल्या माणसाच्या नजरेनं पाहा. मघाशी एक चकती होती, आता त्या कागदावर तीन आहेत, आणि त्यातली एक डाव संपल्यावर आत आली आहे. पुढच्या डावासाठी ठेवलेली चकती मागच्या डावाची वाटायला क्षणभराचा गैरसमज पुरतो. राजपुत्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले.  ज्युरीनं तेरा मिनिटांत गॉर्डन-कमिंग यांच्या विरुद्ध निकाल दिला. सैन्य सुटलं, क्लब सुटले, समाजातली ऊठबस संपली. ते दोषी होते की नव्हते यावर आजही वाद आहे. कागदाची गोष्ट वाचल्यापासून मला त्यांच्याबद्दल शंका येते ती त्यांच्या बाजूनं येते. लबाडी करणारा माणूस आपल्या चकत्यांखाली पांढरा कागद कशाला घालेल?

नंतरचा इतिहास उरलेला निर्णयही काढून घेण्याचा आहे. फ्रान्समध्ये ‘शमाँ द फेर’, म्हणजे रेल्वे, हा प्रकार रुळला. त्यात पत्त्यांची पेटी टेबलाभोवती हातोहात फिरे आणि बँक खेळणाऱ्यांकडेच राही. त्या पेटीला फ्रेंचमध्ये ‘साबो’ म्हणतात, लाकडी जोडा. इंग्रजीत ती शू झाली, आणि गोव्यातही तिला शूच म्हणतात. इयन फ्लेमिंगनं १९५३ च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये जेम्स बाँडला बसवला तो फ्रेंच बॅकरॅच्याच टेबलावर. पुढे लॅटिन अमेरिकेत ‘पुंतो बांको’ रुजला आणि हवानाहून १९५९ मध्ये टॉमी रेन्झोनीनं तो लास व्हेगासच्या सँड्समध्ये आणला. त्यात बँक कायमची घराची, तिसऱ्या पत्त्याचे नियम छापील. पाचावरची ती मर्जीही गेली. आता आठ कॅट पिसून शूमध्ये घालतात, आणि तुम्ही प्लेअर नि बँकर या दोन हातांपैकी एकावर किंवा बरोबरीवर पैसे लावता. घराचा वाटा बँकरवर शेकडा १.०६, प्लेअरवर १.२४. बरोबरीवर लावलंत तर तब्बल १४.३६. पहिले दोन आकडे कॅसिनोतल्या खेळांत फार कमी आहेत. या खेळाच्या ओढीचं हे एक खरं कारण.

दुसरं कारण चीनमधल्या मकाव शहरात कळतं. मकाव ही पूर्वीची पोर्तुगीज वसाहत, आणि १८४४ पर्यंत तिचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. आज तिथल्या कॅसिनोंच्या उत्पन्नाचा मोठा भाग बॅकरॅचा. जास्त रक्कम लावणाऱ्याला पत्ता स्वतः उलटायला देतात, आणि तो एकदम उलटत नाही. पालथा पत्ता लांबीच्या कडेनं अंगठ्यानं हळूहळू वर वाकवायचा. कडेला दोन ठिपके दिसले तर चार किंवा पाच, तीन दिसले तर सहा, सात नाहीतर आठ, चार दिसले तर नऊ किंवा दहा. तीन दिसल्यावर मधला ठिपका नसावा म्हणून लोक पत्त्यावर फुंकर मारतात, आणि वाकवलेले पत्ते पुन्हा वापरात येत नाहीत. पत्ता केव्हाच ठरलेला आहे, तरी हाताला काम मिळतं. तसंच काम नजरेला देतात ते भिंतीवरचे पडदे. बँकरचा लाल गोल, प्लेअरचा निळा, आणि त्यांच्या रांगांना नावं आहेत: मोठा रस्ता, लहान रस्ता, झुरळाचा रस्ता.

इकडे गोव्याच्या कायद्यानं १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजावरच्या टेबलांना वाट करून दिली. महाराष्ट्रानं १९७६ मध्ये केलेला कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे आपल्याकडची माणसं मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर जातात. तिथे एकदा माझ्या शेजारी कोल्हापूरकडचे एक काका बसले होते. छापील कार्डावर लाल-निळ्या खुणांशेजारी आकडे लिहीत होते, एकाखाली एक.

“काका, हे कसले आकडे?” मी विचारलं.

“चाल आहे, ताई. चार वेळा लाल आलाय बघा. निळा यायलाच पाहिजे आता. आणि नाही आला तर दुप्पट लावायचं. एकदा आला की मागचं सगळं फिटतं.”

त्यांना कुणी फ्रेंच शब्द शिकवलेला नव्हता. मार्टिगच्या कोळ्यांच्या नावावर खपलेली ती चाल त्यांनी स्वतःच्या डोक्यानं पुन्हा शोधली होती, आणि ती साधी नि सुंदर वाटते म्हणूनच धोक्याची आहे. मी घरी येऊन हिशेब मांडला. प्लेअरवर १०० रुपयांनी सुरुवात करायची आणि टेबलाची मर्यादा १०,००० धरायची. हरत गेलं तर १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४००. आठवी रक्कम १२,८००, ती मर्यादेबाहेर. म्हणजे सलग सात वेळा हरलं की १२,७०० रुपये गेले आणि पद्धत थांबली. बरोबऱ्या सोडून दिल्या तर असं साधारण ११६ मालिकांत एकदा होतं. उरलेल्या ११५ मालिका प्रत्येकी १०० देतात, त्यांचे झाले ११,५००. रोज संध्याकाळी थोडं जिंकून घरी येणाऱ्या माणसाला हे १,२०० चं भोक दिसत नाही, कारण त्याच्या आठवणीत जिंकलेल्या संध्याकाळीच जास्त असतात. काकांना मी त्या वेळी हे सांगू शकले नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

एखादी पद्धत खेळाला हरवू शकते का, हा प्रश्न गणितज्ञांनाही छळत होता. रिखार्ड फॉन मिसेस यांनी १९१९ मध्ये संभाव्यतेचा पायाच यावर रचला की यादृच्छिक क्रमावर कोणतीही जुगारी पद्धत चालू शकत नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती कोणता डाव खेळायचा आणि कोणता सोडायचा एवढी निवड. पॅरिसमध्ये झाँ व्हिल यांनी १९३९ च्या प्रबंधात दाखवलं की तेवढ्यानं भागत नाही. खेळणारा रक्कम कमी-जास्त करतो, ती ताकदही मोजावी लागते. त्या बदलत्या भांडवलाला नाव देताना त्यांनी जुगाऱ्यांचाच शब्द उचलला, मार्टिंगेल. जोसेफ डूब यांनी १९५३ च्या ग्रंथात त्याचा मोठा सिद्धान्त उभा केला, आणि आज संख्याशास्त्राचे आपले विद्यार्थी तो पदव्युत्तर वर्गात शिकतात. तिथे मार्टिंगेल म्हणजे समन्यायी खेळ: आज हातात जितके आहेत, पुढच्या डावानंतर सरासरीनं तितकेच. बॅकरॅचं टेबल त्या व्याख्येत बसत नाही. जिथे प्रत्येक डावानंतर सरासरी थोडी खाली सरकते, त्या खेळाला गणितात सुपरमार्टिंगेल म्हणतात.