शुखोव्हचे जाळीदार मनोरे

उंच मनोरा म्हटला कीं पॅरिसचा आयफेल मनोरा डोळ्यांपुढें येतो. १८८९ च्या प्रदर्शनासाठीं उभारलेल्या या ३०० मीटर उंच मनोऱ्यास सुमारें ७,३०० टन लोखंड लागलें. वाऱ्याला वाट देणारी जाळीदार बांधणी असूनहि इतकें! याहून पुष्कळ कमी लोखंडांत उंची गांठतां येईल, हें दाखविण्याचें श्रेय मात्र व्लादिमिर शुखोव्ह (१८५३–१९३९) या रशियन इंजिनियराकडे जातें. आणि त्याचें नांव फारसें कोणाच्या कानांवर नसतें.

१८९६ सालीं निझ्नी नोव्हगोरोड येथें अखिल रशियन प्रदर्शन भरलें. तेथें शुखोव्हनें पाण्याच्या टांकीसाठीं एक मनोरा बांधला. टांकी प्रदर्शनाला पाणी पुरवी. तिच्या माथ्यावर प्रेक्षकांसाठीं सज्जा होता, आणि जाळीच्या आंतून वळत जाणाऱ्या जिन्यानें लोक तेथवर चढत. मनोऱ्याची कंबर बारीक, अंगावर सुंदर बांक. पण त्यांतील ऐंशीहि दांडे अगदीं सरळ!

याचें मर्म घरच्याघरीं समजून घेतां येतें. एका कड्यावर गोलाकार काड्या उभ्या कराव्या, त्यांचीं वरचीं टोकें दुसऱ्या कड्यांत बसवावींत आणि वरचें कडें किंचित् फिरवावें. काड्या तिरप्या होतात, मधला भाग आवळला जातो. काडी मात्र एकहि वांकत नाहीं. शुखोव्हनें कांहीं दांडे डावीकडे, कांहीं उजवीकडे कलते ठेवून जेथें ते एकमेकांस छेदतात तेथें सांधले. ही आकृति गणितज्ञांना सतराव्या शतकापासून ठाऊक होती. तिच्यांत स्वस्त मनोरा दडलेला आहे, हें ओळखण्यास इंजिनियर यावा लागला. दांडा वांकविण्याचा खर्च नाहीं, आणि भार साऱ्या जाळीवर वांटला जातो.

प्रदर्शन संपल्यावर नेचायेव्ह-माल्त्सोव्ह या कारखानदारानें तो मनोरा विकत घेऊन पोलिबिनो येथील आपल्या जहागिरींत नेला. तो आजहि तेथें उभा आहे.

पुढें १९१९ सालीं, यादवी युद्ध चालू असतां, मॉस्कोंत बिनतारी संदेशांसाठीं मनोरा उभारण्याचें ठरलें. शुखोव्हनें ३५० मीटरांचा आराखडा केला. त्याचें वजन अवघें २,२०० टन. पण देशांत पोलादाचा दुष्काळ! मनोरा सुमारें १५० मीटरांवर आणावा लागला. सहा टप्पे एकावर एक. वरचा टप्पा खालच्याच्या पोटांत, जमिनीवर जुळवावयाचा आणि रहाटांनीं वर ओढून बसवावयाचा. उंच परांची बांधण्याचें कामच उरलें नाहीं.

१९२१ च्या जूनमध्यें चौथा टप्पा चढत असतां दोर तुटला, आणि तो खालच्या टप्प्यांची मोडतोड करीत कोसळला. आराखड्यांत दोष नव्हता. तरी साठी उलटलेल्या शुखोव्हला गोळी घालण्याची शिक्षा सुनावण्यांत आली; अंमलबजावणी तेवढी तहकूब! ही तलवार माथ्यावर असतांना त्यानें काम पुरें केलें, आणि १९२२ च्या मार्चमध्यें मनोऱ्यावरून ध्वनिक्षेपण सुरू झालें.

२०१४ सालीं हा मनोरा उतरविण्याचा बेत निघाला, तेव्हां जगभरच्या वास्तुशास्त्रज्ञांनीं विरोध केला आणि तो बेत बारगळला. ओका नदीकांठच्या मनोऱ्याला असे कैवारी वेळेवर लाभले नाहींत. विजेच्या तारा नदीपार नेण्यासाठीं १९२९ पर्यंत शुखोव्हनें तेथें १२८ मीटर उंचीचे दोन मनोरे बांधले होते. त्यांपैकीं एक २००५ सालीं बेकायदा पाडला गेला. दुसरा तेवढा राहिला आहे.