रुबिकॉनची वाट

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर जॉर्जटाउन हे सोन्याच्या शोधातून वसलेले छोटे गाव आहे. पर्वताच्या पलीकडे टाहो सरोवर. या दोहोंमधल्या जंगलातून जाणारी रुबिकॉन वाट सुमारे ३५ किलोमीटरची आहे. तिच्या दोन्ही टोकांना बरा रस्ता आहे. मधले १९-२० किलोमीटर मात्र पाइन आणि फरच्या झाडीतून, हिमनद्यांनी घासून काढलेल्या ग्रॅनाइटवरून आणि त्यांनीच मागे टाकलेल्या धोंड्यांमधून जातात. बर्फामुळे जूनपर्यंत, कधी जुलैपर्यंतही तिथे नीट जाता येत नाही. जीपवाल्यांच्या क्लबांनी एकत्र जंगलात जायचे, ही प्रथा आज अनेक देशांत आहे. तिला सणासारखे वार्षिक रूप आले ते बरेचसे याच वाटेवर.

वाट मोटारींच्या कितीतरी आधीची आहे. वाशो लोक उन्हाळ्यात टाहोच्या काठी मुक्कामाला येत आणि खालच्या डोंगरपट्ट्यातल्या जमातींशी त्यांची देवघेव पर्वतातल्या अशा पायवाटांवरून चाले. १८४८ नंतर सोन्यामागे आणि १८५९ नंतर नेवाडातल्या चांदीमागे धावणाऱ्यांनी त्याच वाटा धरल्या. १८६० च्या दशकात हन्सकर बंधूंनी रुबिकॉन नदीकाठच्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवर बस्तान बसवले. पुढे ते पाणी बाटल्यांत भरून विकले जाऊ लागले. मग व्हेड क्लार्क या बाईंनी झऱ्यांपाशी हॉटेल काढले आणि उन्हाळ्यात हवापालटासाठी येणारी मंडळी घोडागाडीतून धक्के खात तिथे पोचू लागली. ऑगस्ट १८८७ मध्ये एल् डोराडो कौंटीच्या कारभाऱ्यांनी ठराव करून ही जुनी वाट सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केली. कौंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. तेव्हा कोणाला विशेष वाटले नसेल, असा तो ठराव. शंभर-सव्वाशे वर्षांनी वकिलांनी तो शोधून काढला.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही धाडसी मोटारी झऱ्यांपर्यंत गेल्या खऱ्या, पण तोवर टाहोला जायला सोपे मार्ग झाले होते. १९०० मध्ये ट्रकीहून सरोवरापर्यंत लहान रेल्वे आली. पुढे मोटारींचे चांगले रस्तेही इतर खिंडींतून गेले. हॉटेलचा धंदा बसला. वाट गुराखी, शिकारी आणि मासे धरणाऱ्यांपुरती उरली. सरोवराकडच्या चढाला कॅडिलॅक हिल म्हणतात, कारण जुन्या काळच्या एका कॅडिलॅक गाडीचा गंजलेला सांगाडा तिथे पडून राहिला. ऐटबाज मोटारींचे या वाटेवर काय होत असे, त्याचा तो पुरावा.

या वाटेला साजेसे वाहन युद्धाने घडवले. अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढल्या. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना सप्टेंबरमध्ये सादर केला, पण उत्पादनाचा मोठा वाटा विलिस आणि फोर्ड या बड्यांकडे गेला. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर पडल्या. विलिस एमबीचे इंजिन २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या मानाने किरकोळच. तिची खरी पुंजी दुसरीकडे होती. रुंदी जेमतेम १.५७ मीटर, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सुमारे दोन मीटर, चारही चाकांना ताकद आणि गिअरबॉक्सला जोडलेला दोन वेगांचा ट्रान्सफर केस. लो रेंज लावली की इंजिन जोरात फिरते आणि चाके मात्र माणसाच्या चालीने सरकतात. घोडागाडीपुरत्या वाटेवर झाड न तोडता, धोंडा न फोडता जाऊ शकणारी आणि रोज वापरता येणारी ही बहुधा पहिलीच मोटार.

१९४५ मध्ये विलिसने सीजे-२ए ही नागरी जीप बाजारात आणली ती शेतकऱ्यांसाठी. ती नांगर ओढेल, तिच्यावर करवत चालेल, अशा जाहिराती होत्या. युद्धातून उरलेल्या जीपाही लिलावात निघाल्या. (पेटीबंद जीप पन्नास डॉलरना, अशी जाहिरात मासिकांतून वर्षानुवर्षे येत राहिली, पैसे भरणाऱ्याला बहुधा सरकारी लिलावांची माहितीपुस्तिका मिळे.) सैन्यातून परतलेल्या तरुणांना ही गाडी हाताळायची सवय होतीच. कॅलिफोर्नियात चाळिशीच्या अखेरीपासून जीप-क्लब दिसू लागले आणि एकट्याने जायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम अनुभवातून आला. फसलेली जीप बाहेर काढायला दुसरी जीप लागते.

जॉर्जटाउनच्या मंडळींनी १९५२ मध्ये बैठक घेतली ती साहसासाठी कमी आणि गावाच्या पोटापाण्यासाठी जास्त. गावात चार पाहुणे यावेत, म्हणून जुन्या वाटेवरून जीपांची सामुदायिक सफर काढायचे ठरले. पुढारपण करणाऱ्यांत मार्क स्मिथ हे प्रमुख होते. २९ ऑगस्ट १९५३ रोजी ५५ जीपा आणि १५५ माणसे जॉर्जटाउनहून निघाली आणि दोन दिवसांत टाहोकडे उतरली. सफरीला ‘जीपर्स जँबोरी’ नाव पडले आणि ती वार्षिक झाली. झऱ्यांपाशी, जिथे पूर्वी हॉटेल होते तिथेच, मुक्काम, जेवणावळ आणि रात्री गाणीबजावणी हा शिरस्ता ठरला. स्मिथ यांनी पुढे १९७८-७९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून अलास्कापर्यंत जीपा नेल्या. वाटेत पनामा आणि कोलंबियामधले डॅरिएनचे बिनरस्त्याचे अरण्यही त्यांनी ओलांडले.

जँबोरीत अवघड जागी ‘रॉक रोलर’ म्हणवणारे स्वयंसेवक उभे असतात. वाटेवर उतरण्याआधी टायरची हवा अर्ध्याच्या आसपास सोडलेली असते, म्हणजे रबर दगडावर पसरून पकड घेते. धोंड्यांच्या घळीत शिरताना चालकाला बॉनेटपलीकडचे काहीच दिसत नाही. रॉक रोलर पुढे उलटा चालत हाताने खुणा करतो: डावे, थोडे आणखी डावे, थांब. चालकाने त्याच्याखेरीज कोणाचे ऐकायचे नसते. धोंडा दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा मोह नवख्याला होतो आणि तिथेच गाडीचे पोट अडकते. जाणता चाक मुद्दाम धोंड्यावर चढवतो. अॅक्सल तिरका होतो, गाडी एका अंगाला कलते, पलीकडचे चाक क्षणभर अधांतरी राहते आणि लो रेंजमध्ये ती हळूच उतरते. इथे वेग मारला की काहीतरी मोडतेच. विंच, म्हणजे तार गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, लावायची वेळ आलीच, तर झाडाला आधी रुंद पट्टा गुंडाळतात. नुसती तार बांधली तर साल कापली जाते आणि झाड मरते. २० किलोमीटरला एक-दोन दिवस लागतात ते यामुळे.

साठच्या दशकापासून वार्षिक सामुदायिक सफरीची ही रीत झपाट्याने पसरली. युटामधल्या मोआब गावाने १९६७ मध्ये ईस्टर जीप सफारी सुरू केली, तीही गावच्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने. रुबिकॉन वाटेची कीर्ती एवढी झाली की जीप कंपनीने २००३ मध्ये रँग्लरच्या एका प्रकाराला ‘रुबिकॉन’ हेच नाव दिले.

भारतात विलिसची जीप चाळिशीच्या अखेरीस मुंबईतच आली. महिंद्रांनी सुट्या भागांपासून तिची जुळणी सुरू केली आणि तिचे वंशज पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ बनत राहिले. इथे मात्र ती हौसेची गाडी झाली नाही. लष्कर, पोलीस, वनखाते, पाटबंधारे खाते आणि पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतली वडाप, हे तिचे संसार. पंधरा-सोळा माणसे आणि टपावर बोचकी घेऊन घाट चढणाऱ्या जीपेला खडतर वाट मुद्दाम शोधायची गरज नव्हती. ऑफ-रोडिंगचे क्लब फोफावले ते २०१० मध्ये महिंद्रांची ‘थार’ आल्यावर. २०१४ पासून मलेशियातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेची भारतीय आवृत्ती गोव्यात भर पावसाळ्यात भरू लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात विनापरवाना शिरता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे खरी जंगलवाट क्लबांच्या वाट्याला क्वचितच येते.

अमेरिकेत वाट खुली होती आणि तिचे हाल झाले तेही त्यामुळेच. टायर मोठे झाले, एक चाक अधांतरी असतानाही दुसऱ्याला ताकद देणारे डिफरन्शिअल लॉक आले आणि जुन्या जीपेला घाम फोडणारी जागा नव्या गाड्यांना मिळमिळीत वाटू लागली. लिटल स्लूस या घळीत हौशी लोकांनी स्वतःच धोंडे ढकलून अडथळे वाढवले. मग ते टाळण्यासाठी बाजूच्या झाडीतून आडवाटा पडल्या. शेवटी कौंटीला ते धोंडे फोडावे लागले. स्पायडर तळ्याकाठी मुक्काम करणाऱ्यांनी मानवी विष्ठेची एवढी घाण केली की २००४ मध्ये तिथला मुक्काम बंद करावा लागला. २००९ मध्ये पाण्याची गुणवत्ता सांभाळणाऱ्या राज्याच्या मंडळाने कौंटी आणि केंद्र सरकारची वनसेवा या दोघांना वाटेवरचा गाळ, तेल आणि घाण आवरण्याचा आदेश काढला. तेल टिपायचे साहित्य आणि मलविसर्जनाच्या पिशव्या जवळ ठेवून सगळे परत घेऊन जायचे, हे आता वाटेवरचे साधे शिष्टाचार आहेत.

केंद्र सरकारचा कल तर आधीपासून बंदोबस्ताकडे होता. अध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये सार्वजनिक जमिनीवरच्या अशा वाहनांना ठरावीक वाटा नेमून देण्याचा आदेश काढला. १९७७ मध्ये कार्टर यांनी तो कडक केला. २००५ च्या नियमाने राष्ट्रीय वनांत नकाशावर दाखवलेल्या वाटेखेरीज कुठेही मोटार नेणे बंद झाले. रुबिकॉनच्या शेजारीच डेसोलेशन हे संरक्षित अरण्य १९६९ पासून आहे आणि तिथे कोणत्याच मोटारीला प्रवेश नाही. या सगळ्यातून रुबिकॉन वाचली ती १८८७ च्या ठरावामुळे. १८६६ च्या खाणविषयक कायद्याने सरकारी जमिनीवरून सार्वजनिक रस्ते काढण्याची मुभा दिली होती. १९७६ मध्ये ती रद्द झाली, पण तोवर निर्माण झालेले हक्क कायम राहिले. म्हणून रुबिकॉन ही जंगलातली हौशी पायंड्याची वाट नसून कौंटीचा रस्ता आहे, हे मांडता आले. स्थानिक क्लब आणि त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या रुबिकॉन ट्रेल फाउंडेशनने ती बाजू लावून धरली. २०१२ मध्ये वनसेवेने आपल्या हद्दीतल्या भागासाठी कौंटीला सुविधाधिकार, म्हणजे त्या जमिनीवरून रस्ता ठेवण्याचा हक्क, देण्याचा निर्णय केला आणि त्याबरोबर पाण्याचे चर, ओढ्यांवरचे पूल आणि गाळ अडवण्याची कामेही तिच्या माथी आली. त्यातली बरीचशी अंगमेहनत दर उन्हाळ्यात क्लबांचे सदस्य श्रमदानाने करतात.