सिंगूरच्या दोन याद्या : जन्म-मृत्यूंच्या पडताळणीचा इतिहास

ब्रिटिश अमदानीत गावातील जन्म-मृत्यूंची पहिली खबर बहुधा गावकामगारच देत असे. महाराष्ट्रात या नोंदीच्या वहीला पुढे ‘कोतवाल बुक’ हे नाव रुळले. बंगालमध्ये चौकीदार ही माहिती ठाण्यावर पोहोचवी. या नोंदींवरून जन्मदर आणि मृत्युदर, म्हणजे वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे किती जन्मले आणि किती मरण पावले याचे प्रमाण, काढले जाई. मात्र बारशाआधीच दगावलेल्या मुलाचा पुष्कळदा जन्मही नोंदला जात नसे आणि मृत्यूही. त्यामुळे नोंदींतली गळती जितकी मोठी, तितके गाव कागदावर अधिक निरोगी दिसे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात हा दोष भीषण रूपात उघड झाला, कारण कित्येक गावांत नोंद देणारे चौकीदारच दगावले किंवा काम सोडून गेले, आणि मृतांच्या आकड्यावरचा वाद पुढे अनेक दशके चालू राहिला.

यावर घरोघर चौकशी हा उपाय दिसत असला, तरी तीही निर्दोष नव्हती. स्थलांतरित झालेले कुटुंब तिच्यातून सुटे, आणि गेलेल्या तान्ह्या मुलाविषयी परक्या माणसापुढे बोलणे घरच्यांना जड जाई. अशा दोन अपुऱ्या याद्यांपैकी कोणती खरी मानावी, हा प्रश्नच लोकसंख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बदलून टाकला. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने हुगळी जिल्ह्यातील सिंगूर आरोग्यकेंद्राच्या परिसरात १९४५ आणि १९४६ या वर्षांतील जन्म-मृत्यूंची घरोघर चौकशी केली होती, आणि ती यादी सरकारी नोंद ठेवणाऱ्या निबंधकाच्या यादीशी नावानिशी ताडून पाहण्यात आली होती.

अशा जुळणीवरून दोन्ही याद्यांतून सुटलेल्यांचाही अंदाज बांधण्याच्या चंद्रशेखरन-डेमिंग पद्धतीचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होते. एखाद्या गावात ६० जन्म दोन्ही याद्यांत सापडले, २० केवळ निबंधकाकडे आणि ३० केवळ पाहणीत आढळले, असे मानू. पाहणीने शोधलेल्या ९० जन्मांपैकी ६०, म्हणजे दोनतृतीयांश, निबंधकाकडे नोंदलेले आहेत; त्याची नोंद सर्वत्र याच प्रमाणात होत असेल, तर त्याच्याकडील ८० जन्म हे एकूण १२० जन्मांचे दोनतृतीयांश ठरतात. दोन्ही याद्यांत मिळून ११० जन्मच सापडले असल्याने, कोणाच्याही दृष्टीस न पडलेले १० जन्म या जुळणीतून मोजले जातात.

या गणिताला एक अट आहे. दोन्ही याद्या परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत, म्हणजे एका यादीतून नाव सुटले म्हणून दुसऱ्या यादीतून ते सुटण्याची शक्यता वाढता कामा नये. प्रत्यक्षात, जे मूल चौकीदाराच्या नजरेतून निसटते तेच पाहणी करणाऱ्यापासूनही लपते, आणि मग अंदाज खऱ्या संख्येपेक्षा कमी येतो. म्हणून लोकसंख्येचे शक्य तितके एकजिनसी लहान गट पाडून प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करावा, असे या दोघांनी सुचवले. त्याहून अवघड काम व्यक्ती ओळखण्याचे होते, कारण बाळाला नाव नसताना वडिलांचे नाव, घर आणि महिना यांवरूनच दोन नोंदी एकाच मुलाच्या आहेत की नाहीत हे ठरवावे लागे, आणि बाळंतपण माहेरी झाले असल्यास गावही बदललेले असे.

चंद्रशेखरन पुढे मुंबईतील लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले. देवनारची आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. दरम्यान महानिबंधकांच्या कार्यालयाने १९६४-६५ मध्ये नमुना नोंदणी पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली आणि १९६९-७० पासून ती देशभर लागू झाली. निवडक गावांत व शहरी विभागांत स्थानिक गणक वर्षभर नोंदी ठेवतो, दर सहामाहीला पर्यवेक्षक स्वतंत्र पाहणी करतो, दोन्ही याद्या ताडल्या जातात आणि न जुळलेल्या प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा त्या घरी जाऊन खातरजमा केली जाते. सिंगूरच्या निबंधातील सूत्र सुटलेल्यांची केवळ संख्या सांगत होते. या पद्धतीत न जुळलेल्या नावाचा माग घराच्या उंबरठ्यापर्यंत काढला जातो.

भारताचा बालमृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत होणारे मृत्यू, १९७१ मधील १२९ वरून २०२० मध्ये २८ वर आला, असे म्हणता येते ते या नोंदींच्या बळावर. दोन्ही याद्यांतून सुटण्याची भीती आजही सर्वांत अधिक आहे ती बारशाआधीच गेलेल्या मुलाची, आणि म्हणूनच याद्यांच्या ताळमेळाची खरी कसोटी त्याच्या नोंदीपाशीच लागते.