मागील कमानीचा पुरावा : खानदेशातील जुन्या मोटारींच्या अभ्यासाची एक दिशा

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा, महजर, नाणी आणि शिलालेख यांचे स्मरण प्रथम होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिताना मात्र, ज्या वस्तूंनी त्या काळाचा व्यवहार प्रत्यक्ष वाहून नेला, त्यांच्याकडेही साधन म्हणून पाहणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखात अशा एका वस्तूचा, म्हणजे जुन्या मोटारीच्या मागील कमानीचा, विचार करावयाचा आहे. गाडी मागून दणके देते, ही जुन्या मोटारीविषयीची नेहमीची तक्रार होय. तिचे कारण शोधताना जो 'दोष' म्हणून काढून टाकला जातो, तोच पुष्कळदा त्या गाडीच्या पूर्वायुष्याचा अखेरचा पुरावा असतो, असे येथे प्रतिपादन आहे.

१

भुसावळचे महत्त्व लोहमार्गाने घडविले. १८६५ साली थळ घाटाचा मार्ग खुला झाला, १८६७ मध्ये नागपूरची शाखा पूर्ण झाली आणि १८७० मध्ये जबलपूर येथे मुंबई व कलकत्ता यांच्या मार्गांचा सांधा जुळला. या दोन्ही वाटा भुसावळला फुटतात. परंतु स्टेशनावर उतरलेला माणूस व माल यांस पुढे गावोगाव जावयाचे तर सडकेवाचून गत्यंतर नव्हते. सुरतेहून धुळे, जळगाव, भुसावळ या मार्गाने नागपूरकडे जाणारा महामार्ग दीर्घकाळ क्रमांक सहाचा म्हणून ओळखला जाई. आज त्याचा क्रमांक ५३ आहे. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर बांधलेल्या सडकेचा पृष्ठभाग सपाट राखणे कष्टाचे असते. त्यात भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जाणारा. त्याने रबरी बुश कडक होऊन तडकतात.

या सडकांवर धावणाऱ्या गाड्यांची निवड मर्यादित होती. जकात आयोगाच्या १९५३ मधील शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव उरला नाही, आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील आपले काम आवरले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड या तीन घराण्यांच्या मोटारींवर पुढील तीन दशके देशाची मुख्य भिस्त राहिली. फियाट ११०० हीच पुढे 'पद्मिनी' झाली व शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. १९५८ मध्ये आलेली ॲम्बॅसडर २०१४ पर्यंत टिकली. दोहोंत पुढील चाके स्वतंत्रपणे झुलत. मागे मात्र अखंड आस व त्याखाली पाट्यांची अर्धलंबवर्तुळाकार कमान असे. कमानीचा हा प्रकार घोडागाडीच्या काळातील असून त्याच्या मूळ लंबवर्तुळाकार रूपाचे एकस्व १८०४ मध्ये ओबादाया इलियट याने इंग्लंडमध्ये घेतले होते. त्याची रचना इतकी सरळ आहे की लोहारकाम जाणणारा कोणीही कुशल कारागीर ती उघडू शकतो, तीत भर घालू शकतो, पाट्यास पुन्हा बाक देऊन पाणी देऊ शकतो. नवी गाडी दुर्मीळ आणि जुनी अमर, अशा परिस्थितीत ही सोय निर्णायक ठरली.

२

मागील दणक्यांचे निदान करताना अनुभवी कारागीर प्रथम टायरांतील हवा पाहतो, कारण प्रमाणाबाहेर भरलेली हवा कमानीचा दोष भासविते. नंतर तो दणक्यांचे प्रकार वेगळे करतो. बारीक खडीवर गाडी थरथरते, पण मोठ्या खड्ड्यात कमान नीट दबते, असे असेल तर पाट्यांमध्ये गंज धरून ते परस्परांस चिकटले आहेत, किंवा शॅकलचे बुश आवळले आहेत, असे समजावे. हे घर्षण ओलांडण्याइतका जोर लहान धक्क्यात नसतो. त्यामुळे कमान हलतच नाही व गाडी जणू टायरांवरच चालते. खड्डा ओलांडल्यावर गाडी दोनतीन वेळा झुलत राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला आहे. माणसे बसल्यावर एकच जड ठोका ऐकू आला तर कमान सपाट होऊन आस रबरी ठोकळ्यावर आदळत आहे. गाडी एका अंगाला कललेली असेल तर तुटलेला पाटा किंवा सरकलेला मधला बोल्ट शोधावा.

या सर्वांहून निराळे एक लक्षण आहे. गाडी रिकामी असताना असह्य दणके देते, मागून उंच दिसते, आणि चारपाच माणसे व सामान भरले की शांत होते. येथे काहीही मोडलेले नसते. कोणीतरी कधीतरी कमानीत जादा पाटा घातलेला असतो. पाच पाट्यांच्या कमानीत तशाच जाडीचा सहावा घातला तर तिचा ताठरपणा ढोबळ मानाने पंचमांशाने वाढतो. परंतु ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा मूळच्यापेक्षा सव्वादोन पटींहून अधिक ताठ होतो. म्हणून दुसऱ्या वाहनाचा जाड पाटा कापून बसविलेल्या गाडीत रिकामेपणी बसवत नाही.

३

आता या निदानाचे इतिहासदृष्ट्या मूल्य पाहू. धुळे येथे १९२६ मध्ये निवर्तलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अस्सल साधनांच्या शोधास व परीक्षणास आयुष्य वेचले. त्यांच्या नावे धुळ्यात संशोधन मंडळही उभे राहिले. मूळ पाठात मागाहून घुसलेला भाग ओळखणे हे साधनपरीक्षणाचे प्रमुख अंग होय. जादा पाटा हा कमानीतील असाच प्रक्षेप आहे. त्याची टोके चौकोनी कापलेली असतात, रुंदी किंचित भिन्न असते, मधले भोक ओबडधोबड असते. हे झाले बहिरंग परीक्षण.

अंतरंग परीक्षणात हेतूचा प्रश्न येतो. पाटा ओझ्यासाठी घातला, की थकून बसलेली कमान उचलण्यासाठी? कमान सोडून प्रत्येक पाट्याचा बाक स्वतंत्रपणे पाहिला तर उत्तराची दिशा मिळते. मूळ पाट्यांचा बाक शाबूत असेल तर गाडी अधिक भार वाहण्यासाठी मुद्दाम सज्ज केली होती, असे अनुमान निघते. मूळ पाटे सपाट झाले असतील तर भर ही डागडुजी असण्याचा संभव अधिक. मात्र पाटा घातल्यानंतरही ते सपाट झाले असू शकतील, म्हणून गंजाची व झिजेची तुलना करावी. यापुढे लिखित साधनाची जोड घ्यावी लागते. नोंदणीपुस्तकात वाहनाचा वर्ग, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन व मालकीचे हस्तांतर यांच्या नोंदी असतात. पुस्तकात गाडी कायम 'खाजगी' व आसने मोजकी, पण कमान मात्र दुप्पट भाराची, असा विरोध आढळल्यास कमानीची साक्ष अधिक बोलकी मानावी. परवान्याबाहेर चाललेली प्रवासी वाहतूक, लग्नसराईतील वऱ्हाडे, बाजारच्या दिवसाचा माल, यांची नोंद कागदावर होण्याचे कारण नव्हते. पोलादावर ती झाली. अर्थात एका गाडीवरून प्रदेशाचा निष्कर्ष काढू नये.

४

हा पुरावा झपाट्याने नाहीसा होत आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये संपली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांत वाहन मूळ स्वरूपात राखलेले असण्याची अट आहे. चासी, साटा व एंजिन यांतील फेरबदल स्पष्टपणे निषिद्ध मानले आहेत, कमानीचा मात्र तेथे नामनिर्देश नाही. जीर्णोद्धार करणारे हौशी मालक 'मूळ स्वरूप' याचा अर्थ कारखान्यातून निघालेले स्वरूप असा घेतात व दणके थांबविण्यासाठी संपूर्ण कमान बदलून जुनी भंगारात देतात. त्यांस सुखकर गाडी हवी असते, व ती इच्छा रास्त आहे. पण कारखान्यातील पहिला दिवस तेवढा खरा आणि खानदेशच्या सडकांवरील पुढील चाळीस वर्षे म्हणजे विकृती, हा दृष्टिकोन इतिहासाच्या अभ्यासकाने स्वीकारता कामा नये.

उपाय अल्पखर्चिक आहे. कमान सोडण्यापूर्वी रिकाम्या गाडीत आस व रबरी ठोकळा यांतील अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. सोडल्यावर प्रत्येक पाट्याची लांबी, रुंदी, जाडी व बाक टिपून छायाचित्रे घ्यावीत. नोंदणीपुस्तकातील नोंदी उतरवून घ्याव्यात, आणि ज्याने पाटा बसविला तो कारागीर हयात असल्यास त्याचे कथन लिहून घ्यावे. त्यानंतर मालकाने खुशाल नवी कमान बसवावी. काढलेला पाटा मात्र खूणचिठ्ठी बांधून जपावा. भुसावळ, जळगाव व धुळे येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या गॅरेजांपासून या कामास आरंभ केला, तर ज्या वाहतुकीची कागदपत्रे कधी निर्माणच झाली नाहीत, तिच्या इतिहासासाठी काही आधार हाती येईल.