परत केलेली व्रतं

इथे गाड्यांवर ‘फ्री तिबेट’चं स्टिकर दिसलं की आपल्याला हसरे, शांत भिक्षू आठवतात, हो ना? पण १९५६ साली पूर्व तिबेटात लिथांगच्या मठावर चिनी विमानांनी बॉम्ब टाकले. त्या काळात कित्येक भिक्षूंनी आपली व्रतं रीतसर परत केली आणि मगच बंदूक उचलली. चीवर अंगावर ठेवून हिंसा नको! मला हा हिशेब फार प्रामाणिक वाटतो. १९६० पासून तिबेटी लढवय्ये नेपाळातल्या मुस्तांगमधून लढत होते. अमेरिकेची छुपी मदतही काही वर्षं मिळाली. १९७४ साली नेपाळी सैन्य चालून आलं, तेव्हा दलाई लामांचा ध्वनिमुद्रित निरोप तळावर ऐकवला गेला: शस्त्रं खाली ठेवा. धर्मासाठी लढणारे धर्मगुरूंचा शब्द कसा मोडणार? त्यांनी शस्त्रं ठेवली. काहींनी मात्र आत्महत्या केली.